ओळखदेख

पहाटे साडेचारला फोन वाजला तर आमच्या घरात आता कुणी दचकत नाही. मिशिगनमध्ये तेव्हा संध्याकाळचे सात झालेले असतात. लेक कामावरून घरी येते, पोरांना खायला घालते, आणि मग तिला कोल्हापुरातल्या आईवडिलांचा घोर लागतो. मी नर्स. मिरजेत शिकले, बारा वर्षं हॉस्पिटलात काढली आणि आता सतरा वर्षं होतील, घरोघरी जाते. ड्रेसिंग, लघवीची नळी, नाकातली नळी, इन्सुलिन, पाठीच्या जखमा. ज्यांच्या घरी माणूस लागतं त्यांना ते बघून देणं हेही हळूहळू माझ्याकडंच आलं.

2018 च्या जुलैमधला असाच एक फोन. नंबर अनोळखी, आवाज थकलेला. ‘ताई, बाबा बाथरूममध्ये पडले. खुब्याचं ऑपरेशन झालंय, परवा घरी सोडतायत. घरी कुणीतरी लागणार. तिथं त्याची प्रोसेस काय असते?’

माझ्याकडं सांगण्यासारखी प्रोसेस नव्हती. तिला वाटत होतं, कुठंतरी एक ऑफिस असेल, तिथं अर्ज केला की कुणी घरी येऊन बाबांना बघेल, किती तास मदत लागेल ते ठरवेल आणि शिकलेलं माणूस पाठवून देईल. तिच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. पण आमच्याकडं असं माणूस मिळतं ते ओळखीनं. मेडिकल दुकानवाला नाव सुचवतो, फिजिओथेरपी करणारा सांगतो, शेजारच्या आजींकडं येणारी बाई आपल्या जावेला घेऊन येते. मी राधानगरी तालुक्यातल्या माझ्या माहितीच्या एका मावशींना फोन लावला. त्या चिखलात उभ्या होत्या. ‘रोपलावण चाललीया ताई, अजून पंधरा-वीस दीस तरी न्हाई जमायचं.’

तिचे बाबा, आमच्यासाठी काका, मूळचे शिवाजी पेठेतले. इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेले आणि डेट्रॉइटच्या आसपास मोटारींच्या कारखान्यांत उभा जन्म काढला. 2017 च्या डिसेंबरात, सत्याहत्तराव्या वर्षी, काकूंना घेऊन परत आले आणि नागाळा पार्कात फ्लॅट घेतला. काकू मूळच्या पुण्याच्या. त्यांचं मन तिकडंच, लेकीजवळ होतं. पण हिशेब काकांनी नीट घातला होता. अमेरिकेत 65 वर्षांवरच्यांना मेडिकेअर असतं. ते हॉस्पिटलचं, डॉक्टरांचं बिल भागवतं. मात्र म्हाताऱ्या माणसाला रोज अंघोळ घालायला, भरवायला, रात्री उठवायला जे माणूस लागतं, त्याचा वर्षानुवर्षांचा खर्च ते देत नाही. तो स्वतःच्या पैशांतून करायचा, आणि शिल्लक जवळजवळ संपली की मग गरिबांसाठीच्या मेडिकेडकडं जायचं. काकांना ते नको होतं. ‘कोल्हापुरात माणसं मिळतात,’ असं ते लेकीला सांगत आले होते.

ते सोडून गेले तेव्हाच्या कोल्हापुरात माणसं मिळत होती, कारण ती घरातच होती. भाऊ, भावजय, विधवा आत्या, वाड्यातले भाडेकरू. परत आले तेव्हा भाऊ वारला होता, पुतणे पुण्याला आणि बेंगळुरूला होते, वाड्याच्या जागी अपार्टमेंट उभं होतं. पैसे होते, डॉक्टर चांगले होते. ऑपरेशन उत्तम झालं होतं, त्याला नाव ठेवायला जागा नाही. मेडिकेअर देशाबाहेर चालत नाही म्हणून ते बिल त्यांनी खिशातून भरलं. इथला आरोग्य विमा घ्यायचा तर वयामुळं कुणी दारात उभं करत नव्हतं. नव्या पॉलिसीला 65 वर्षांची अट लावायची ती पद्धत 2024 च्या एप्रिलपासून विमा नियामकानं काढून टाकली. पण विमा असता तरी तो हॉस्पिटलपुरता. घरी सोडल्यावरच्या सहा महिन्यांत जे माणूस लागतं, त्याच्या खर्चाला आपल्याकडच्या नेहमीच्या विम्यात जागाच नाही. जर्मनीनं 1995 मध्ये आणि जपाननं 2000 मध्ये नेमक्या याच कामासाठी वेगळा सक्तीचा विमा सुरू केला. आपण अजून घरातल्या सुनेवर आणि राधानगरीच्या मावशींवर भागवतोय.

मावशी रोपलावणीत अडकलेल्या, म्हणून घरच्यांनी इंटरनेटवर शोधून एका ब्युरोतून मुलगी आणली. चोवीस तासांची ड्युटी. विशीतलं लेकरू. तिला सांगितलं होतं, ‘आजोबांजवळ बसायचं काम आहे.’ ती खरोखर बसली. तिला दोष देत नाही मी. पडलेल्या माणसाची कूस बदलायची असते, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. तीन आठवड्यांनी मला ड्रेसिंगला बोलावलं तेव्हा माकडहाडावर जखम होती. वरून रुपयाएवढी, आत बोटाचं पेर जाईल एवढी खोल. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘मी रोज पावडर लावत होते हो.’ त्यांचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

पाठीची जखम होते दोन-तीन दिवसांत आणि भरायला लागतात महिने. हाडाची उंचवट्याची जागा गादीवर सतत दाबली गेली की तिथलं रक्त थांबतं, कातडी आतून मरते. वर लाली दिसते तेव्हा आत बरंच झालेलं असतं. म्हणून रोज अंघोळीच्या वेळी पाठ, टाचा, खुबे, कोपरं बोटानं दाबून बघायची. लाली बोट काढल्यावरही पांढरी पडत नसेल तर त्या जागेवर वजन द्यायचंच नाही. दर दोन तासांनी कूस: उजवी, पाठ, डावी. पिंढरीखाली उशी, टाच अधांतरी. वर सरकवताना माणसाला काखेत धरून ओढायचं नाही, खालची चादर दोघींनी दोन बाजूंनी धरून उचलायचं. चादरीला सुरकुती नको, डायपर ओला राहायला नको, आणि जखमेवर पावडर तर नकोच. अंडं, डाळ, दूध, ताक जेवढं जाईल तेवढं, कारण जखम पोटातून भरते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवसाच्या बारा खुणा आखून दिल्या. काकूंना चष्म्यातून दिसतील एवढ्या मोठ्या.

ती जखम भरायला साडेचार महिने लागले. त्यातले चार महिने मावशी होत्या.

मावशींचं वय तेव्हा बावन्न. सातवीपर्यंत शाळा, हाताला काम शिकवलं ते मी आणि त्याआधी त्यांच्या सासूच्या आजारपणानं. घरी स्वतःची आई अंथरुणाला, तिच्याजवळ थोरली सून. म्हणजे काकांची लेक मिशिगनला, म्हणून काकांजवळ मावशी. मावशी कोल्हापुरात, म्हणून त्यांच्या आईजवळ सून. आणि सूनबाईची आई तिकडं गगनबावड्याला कुणाच्या भरवशावर होती ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी माणूस देते तेव्हा माझ्या अटी असतात. आठवड्याची सुट्टी पाहिजे. रात्री झोपायला पाठ टेकेल अशी जागा पाहिजे. घरात शिजेल तेच त्यांच्या ताटात. चहाचा कप वेगळा ठेवणार असाल तर माणूस देत नाही. काही घरं इथंच फोन ठेवतात. काकूंनी दुसऱ्याच दिवशी मावशींसाठी नवी गादी मागवली.

काकांचं विसरणं पडण्याआधीच सुरू झालं होतं. ऑपरेशननंतर ते झपाट्यानं वाढलं. पहिले काही महिने ते मावशींशी इंग्रजीतच बोलायचे. रात्री दोनला उठून ‘हू आर यू?’ म्हणून ओरडायचे. मावशी मला सांगायच्या, ‘काका हू हू करत्यात, थंडी वाजती का काय.’ मग हळूहळू इंग्रजी गळत गेलं. उशिरा शिकलेली भाषा आधी जाते, हे मी परदेशातून आलेल्या बऱ्याच जणांत पाहिलंय. चाळीस वर्षांची भाषा वर्षभरात गेली आणि खालून शिवाजी पेठ वर आली. ‘काय करालाईस?’ ‘लई भूक लागलीया.’ काकूंनासुद्धा त्यातलं सगळं कळायचं नाही.

आमच्याकडं बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. बाहेरच्यांना ते कानाला खटकतं, आणि शाळेत बाई आमचं ते सुधारायच्या. काकूही सुरुवातीला मावशींना सुधारायच्या, ‘अहो, येते म्हणा.’ एका संध्याकाळी मी ड्रेसिंग करत होते. मावशी दारातून म्हणाल्या, ‘काका, दूध तापवून येतो हं.’ काकांनी मान वळवली आणि अगदी स्वच्छ म्हणाले, ‘आई, लवकर ये.’ काकूंच्या हातात चिमटा होता, तो त्यांनी तसाच धरून ठेवला. त्यानंतर त्यांनी मावशींना सुधारलं नाही.

त्या दिवसापासून मी परदेशातून चौकशी करणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून विचारते. तुमच्या आईवडिलांना लहानपणी कुठली बोली कानावर होती? लोक गोंधळतात. त्यांना बीपीच्या गोळ्यांची यादी द्यायची असते. ती हवीच. पण रात्री दोनला घाबरून उठलेल्या माणसाला शांत करायला गोळीआधी आवाज लागतो.

2019 च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगा चढली. नागाळा पार्कात पाणी शिरलं, तळमजला गेला, वीज गेली. वीज गेली म्हणजे काकांच्या हवेच्या गादीचा पंप बंद, गादी चपटी. बाहेर महापूर, आणि पाणी उपसणारी केंद्रंच बुडाली म्हणून शहरातले नळ कोरडे. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, दूध नाही, पेट्रोल नाही. मावशींना सुट्टीला गावी जायचं होतं, रस्ता बंद झाल्यानं त्या राहिल्या, हे काकांचं नशीब. दोन दिवस त्यांनी घड्याळ बघून हातानं कूस बदलली. मिशिगनहून लेक मला सारखी विचारत होती, रेस्क्यूचा नंबर कुठला, त्यांनी उचलला का. नंबर लागत नव्हते. यंत्रणा राबत होती, पण आख्खा जिल्हा पाण्यात होता.

शेवटी आली ती एका तालमीची पोरं, रबरी बोट घेऊन. ती शेजारच्या इमारतीतल्या बाळंतिणीसाठी आली होती. मावशींनी गॅलरीतून हाक मारली. पोरानं खालून विचारलं, ‘कुठलं म्हातारं?’ मावशींनी काकांच्या वडिलांचं नाव घेतलं, पेठ सांगितली, वाड्याची खूण सांगितली, जी त्यांना रात्री-अपरात्री काकांच्या बडबडीतूनच कळली होती. त्या पोराच्या आजोबांनी काकांच्या वडिलांबरोबर एकाच आखाड्यात लाल माती अंगाला लावली होती. बाळंतीण पोचवून बोट परत आली. काकांना प्लॅस्टिकच्या खुर्चीला लुगड्यानं बांधून चौघांनी जिन्यावरून उतरवलं आणि राजारामपुरीत माझ्या एका मैत्रिणीकडं पोचवलं.

नाव सांगितलं नसतं तर पोरं आलीच नसती, असं मी म्हणत नाही. त्या आठवड्यात या गावानं नावगाव न विचारता माणसं उचललीत. पण काका दीड वर्ष त्या फ्लॅटमध्ये राहत होते आणि खालच्या मजल्यावरच्यांनाही ते कुणाचे कोण हे माहीत नव्हतं, ही गोष्ट मला लागून राहिली. सत्याहत्तराव्या वर्षी आले, सहा महिने कागदपत्रं आणि फर्निचर यांत गेले, सातव्या महिन्यात पडले. ओळख व्हायला जो वेळ लागतो, तो त्यांच्यापाशी उरलाच नव्हता.

याच्या उलट घर मी कागल तालुक्यात पाहिलंय. सव्वीस वर्षं मस्कतला ड्रायव्हर असलेला माणूस. आखातात नोकरी आहे तोवरच व्हिसा. नोकरी संपली की थोड्या दिवसांत देश सोडायचा, आणि तिथला विमा तिथंच राहतो. पगार घरात, बहिणींच्या लग्नांत आणि एका बोअरवेलमध्ये गेला. मूत्रपिंडं खराब होऊनच ते परतले. डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसलं, त्यामुळं जीव धरून राहिला. त्या घरात माणसांना तोटा नव्हता. भावकी, गल्ली, दोन मुलगे रात्रीची पाळी लावून बसायचे. पण डायपरला पैसे नाहीत म्हणून जुन्या साड्यांच्या घड्या, आणि त्या धुऊन धुऊन बायकोच्या हातांची सालं निघालेली. मी तिथं ड्रेसिंगचे पैसे घेतले नाहीत, त्यानं काही फरक पडला असं वाटत नाही. नागाळा पार्कात जे कमी होतं ते इथं भरपूर होतं आणि तिथं जे भरपूर होतं ते इथं नव्हतं. ही दोन घरं एकमेकांपासून तासाभराच्या आतल्या अंतरावर आहेत.

कायद्याचं लोक विचारतात म्हणून सांगते. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा आहे, प्रांत ऑफिसात अर्ज करता येतो, मुलांकडून दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. त्या कायद्यात ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणजे साठीच्या पुढचा भारताचा नागरिक. अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्डावर परतलेला माणूस त्या व्याख्येत येत नाही. आई किंवा बाप म्हणून तेवढा अर्ज करता येतो. 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्यांसाठी आयुष्मान योजनेत 5 लाखांचं संरक्षण आलं, तेही हॉस्पिटलात दाखल होण्यापुरतं. खरं सांगायचं तर लेकरं परदेशी आहेत म्हणून प्रांताकडं गेलेली आई मी अजून पाहिली नाही. ‘पैसे पाठवतात की,’ म्हणतात. आणि ते खरं असतं. पैसे वेळेवर येतात.

ज्यांनी हे सगळं आधीच ओळखलं अशा एक डॉक्टरबाई मला भेटल्या. इंग्लंडात आयुष्यभर सरकारी आरोग्यसेवेत काम करून 2009 मध्ये, सहासष्टाव्या वर्षी राजारामपुरीत परत आल्या. एकट्या. तिथल्या नोकरीचं पेन्शन थोडं थोडं वाढतं, पण ब्रिटिश सरकारचं वृद्धापकाळाचं पेन्शन भारतात राहणाऱ्याला पहिल्या दिवशी जेवढं मिळालं तेवढंच जन्मभर मिळतं, वाढ लागत नाही. त्यांना हे येण्याआधीच ठाऊक होतं, त्याप्रमाणं त्यांनी घर लहान घेतलं, तेही तळमजल्यावर. बाथरूममध्ये पहिल्याच आठवड्यात दांड्या लावल्या. रोज भाजी स्वतः आणायच्या, रिक्षावाला एकच ठेवलेला, गल्लीतल्या मुलींचं इंग्रजी घ्यायच्या. धडधाकट असताना त्यांनी रोज तीन तासांसाठी एक बाई कामाला ठेवली. मी विचारलं, आत्ता कशाला? त्या म्हणाल्या, ‘मला बोलता येतंय तोवर तिला मी कळायला पाहिजे.’

2023 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय इच्छापत्राची, म्हणजे शेवटी उपचार कुठवर करायचे हे आधीच लिहून ठेवायची, रीत सोपी केली. 2018 च्या निकालाप्रमाणं मॅजिस्ट्रेटपुढं जावं लागायचं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. डॉक्टरबाईंनी त्याच उन्हाळ्यात ते केलं, दुसऱ्या एका साक्षीदाराबरोबर मला साक्षीला घेतलं. पुढच्या वर्षी त्यांना अर्धांग झालं, वाचा गेली. ती बाई आता दिवसभर असते. चहात साखर किती, रेडिओ कितीला, कुठली कूस नको, तिला काही विचारावं लागत नाही.

काका 2023 मध्ये गेले. न्यूमोनिया झाला होता. त्यांनीही अमेरिकेत असताना असा कागद केला होता, लेकीनं तो पाठवला. पण इथल्या रीतीनं केलेला कागद नव्हता. डॉक्टरांनी काकूंना जवळ बसवून सगळं समजावलं, लेक फोनवर होती, आणि दोघींनी मिळून त्यांना घरी न्यायचं ठरवलं. 2020 मध्ये विमानं बंद झाली तेव्हापासून लेकीला जी भीती होती तसंच झालं. ती मुंबईत उतरली तेव्हा सगळं संपलं होतं.

नुकतीच होळी होऊन गेली होती. होळीला आमच्याकडं तालमी आणि मंडळं पंचगंगेच्या स्मशानात शेणी दान करतात. कोल्हापूर महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, गरीब-श्रीमंत कुणाचेच. त्या शेणींची रास तिथं पाहून लेकीनं मला विचारलं, हे कुणी दिलं? सगळ्यांनी दिलं, एवढंच मला सांगता आलं. मग तिला मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मृत्यूची नोंद द्यायची होती, ते कागद आम्ही दोघींनी काकूंच्या टेबलावर बसून भरले.

काकू मिशिगनला जातील असं मी धरून चालले होते. गेल्या नाहीत. मावशी त्यांच्याकडं दिवसाच्या ड्युटीला राहिल्या. मावशींचंही आता वय झालंय, डावा गुडघा धरतो. अटल पेन्शन योजना चाळिशीपर्यंतच घेता येते, 2019 मध्ये असंघटित कामगारांसाठी आलेली मानधन योजनाही चाळिशीपर्यंतच. माझ्या वहीत अशा कामाच्या बायकांची नावं आहेत त्यातल्या निम्म्याहून जास्त त्या रेषेच्या पलीकडं आहेत. दुसऱ्यांच्या आईबापांना उचलून पाठी गेलेल्या. मी काकूंशी हे एकदाच बोलले होते, रागानंच.

त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी मावशींच्या नावानं पोस्टात रिकरिंग सुरू केलं, पगाराच्या वेगळं. लेकीला कळवलं, परवानगी विचारली नाही. हप्ता भरायला दोघी एकत्र जातात. मागच्या महिन्यात मी बीपी बघायला गेले तेव्हा त्या निघतच होत्या. काकू एक्क्याऐंशीच्या, मावशी एकोणसाठच्या, जिन्यावरून कोण कुणाला धरतंय ते कळत नव्हतं. पासबुक काकूंच्या पिशवीत होतं. ‘बस तू, चहा ठेवलाय गॅसवर,’ काकू मला म्हणाल्या. ‘आम्ही पोस्टात जाऊन येतो.’